वड्याचं तेल वांग्यावर

"डांबरात तेल? याला आमच्याकडे भेसळ म्हणतात, साहेब."

रस्त्याच्या कामाशी रोजचा संबंध असलेल्या माणसांपुढे वनस्पती तेलाचा विषय काढला की पहिलं वाक्य बहुतेक हेच येतं. ते बोलणारा माणूस अडाणीही नसतो आणि लबाडही. टँकर भरल्यापासून प्लांटवर रिकामा होईपर्यंत डांबराचं काय काय होऊ शकतं, हे त्यानं पाहिलेलं असतं. रॉकेल मारून पातळ केलेलं डांबर पहिल्या पावसात पापुद्र्यासारखं सुटून येताना पाहिलेलं असतं. त्याचा संशय अनुभवातून आलेला आहे. तरीही त्यानं काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत आपण दर उन्हाळ्यात खरवडून फेकलेल्या रस्त्यांच्या रूपानं मोजत असतो. म्हणून हा प्रतिवाद.

माझी बाजू आधीच उघड करतो, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसावं लागणार नाही. सोयाबीन, एरंड, काजूचं टरफल किंवा पाईनचं लाकूड यांपासून मिळालेलं तेल नीट प्रक्रिया करून, मोजून, तपासून जुन्या डांबरात घालावं. चांगल्या नव्या डांबरात ते घालण्याचं काही कारण नाही. या दोन वाक्यांतलं पहिलं वाक्य विरोधकांना रुचत नाही, दुसरं समर्थकांना. दोघांनाही उत्तर द्यायचं आहे.

डांबर दिसायला एकजिनसी असतं, पण त्याच्या पोटात दोन स्वभाव नांदतात. अस्फाल्टीन नावाचे जड, कडक कण असतात आणि ते रेझिन व हलक्या तेलकट घटकांत तरंगत असतात. हा तेलकट भाग शाबूत आहे तोवर डांबर ताण सोसतं, चाक पुढे गेलं की पूर्ववत होतं, खडीला धरून ठेवतं. प्लांटमध्ये दीडशे-एकशे साठ अंशांवर खडीच्या दाण्यांभोवती त्याचा पातळ थर बसतो, तेव्हाच त्याला पहिलं वार्धक्य येतं. पुढची दहा-पंधरा वर्षं ऊन आणि हवेतला प्राणवायू त्याला सावकाश खातात. तेलकट भाग कमी होत जातो, अस्फाल्टीन वाढत जातात. प्रयोगशाळेत हे मोजायला साधी सुई असते. 25 अंश तापमानाच्या डांबरावर 100 ग्रॅम भार दिलेली सुई पाच सेकंद सोडायची आणि ती मिलिमीटरच्या किती दशांश आत शिरली ते वाचायचं. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी 30 डांबरात ती किमान 45 दशांश शिरली पाहिजे. वर्षानुवर्षं उन्हात तापलेल्या रस्त्यातून काढलेल्या डांबरात ती विसाच्या आसपास अडते, कधी त्याच्याही आधी.

कोल्हापुरी वहाण वर्षभर माळ्यावर पडून राहिली तर कातडं वाळतं आणि पहिल्यांदा पायात घातली की अंगठ्यापाशी तडकतं. घरातलं जाणतं माणूस ती फेकून देत नाही, एरंडेल लावून रात्रभर ठेवतं. म्हणून काही कुणी चांगली चालती वहाण तेलाच्या परातीत बुडवून ठेवत नाही. या लेखातला सगळा वाद तेवढाच आहे. बाकीचं मी आकड्यांनी सांगतो.

आता पहिला आक्षेप, भेसळीचा.

भेसळीला स्वतःचं अर्थशास्त्र असतं. दुधात पाणी घालतात, कारण पाणी फुकट असतं. मिरचीपुडीत विटेची भुकटी जाते, कारण वीट मिरचीपेक्षा स्वस्त. दुधात केशर घातलं म्हणून कुणाला भेसळीच्या गुन्ह्यात पकडल्याचं ऐकिवात नाही. डांबराचा भाव अलीकडच्या वर्षांत किलोला साधारण पन्नास रुपयांच्या आगेमागे राहिला, सोयाबीन तेलाचा त्याच्या दुपटीहून वर. चोरी करायला बसलेला माणूस पन्नास रुपयांच्या मालात शंभराची वस्तू का ओतेल? तो ओतेल ते गॅरेजमधलं जळकं ऑइल. कारण ते मातीमोल भावानं मिळतं, काळं असतं आणि काळ्यात काळं दिसत नाही.

आक्षेप घेणारे परदेशातलं जे उदाहरण देतात, तेही याच जळक्या ऑइलचं आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात काही डांबरी रस्ते त्यांच्या वयाच्या मानानं फार लवकर तडकू लागले. थंडीत रस्ते तडकतात हे तिथे नवं नव्हतं, पण हे रस्ते ज्या थंडीसाठी बनवलेले होते तीच त्यांना सोसेना. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ सायमन हेस्प यांनी क्ष-किरणांच्या साहाय्यानं डांबराचे नमुने तपासले आणि त्यांत जस्त सापडलं. डांबरात जस्ताचं काय काम? जस्त येतं इंजिन ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी घातलेल्या रसायनातून. वापरलेलं इंजिन ऑइल पुन्हा शुद्ध केल्यावर तळाशी जो गाळ उरतो तो डांबर मऊ करायला वापरला गेला होता. हे संशोधन 2010 साली प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून 'डांबरात तेल' हे शब्द उच्चारले की ऑन्टॅरिओचं नाव निघतं.

पण त्या गाळाचं रसायन आणि एरंडेलाचं रसायन एक नव्हे. इंजिन ऑइलचा पाया मेणासारख्या सरळ हायड्रोकार्बनचा. त्याचं आणि अस्फाल्टीनचं पटत नाही. ते मिसळलं की अस्फाल्टीन एकमेकांना बिलगून गोळा होतात, डांबर वरवर मऊ वाटतं आणि आतून दुभंगत राहतं. वनस्पती तेलाच्या रेणूत प्राणवायूचं एक टोक असतं. त्या टोकामुळे ते अस्फाल्टीनच्या गोळ्यांमध्ये शिरून त्यांना सुटं ठेवायला मदत करू शकतं. जुन्या डांबराला नेमकी तीच मदत हवी असते. इंजिन ऑइलचा गुन्हा सोयाबीन तेलावर लावणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर काढणं. दुधानं तोंड पोळलेल्यानं ताक फुंकून प्यावं हे मान्य, पण म्हणून त्यानं ताकाला दूध म्हणू नये.

आणि फुंकण्याची सोयही आहे. जस्त शोधलं की जळकं ऑइल पकडलं जातं. अवरक्त किरणांच्या तपासणीत वनस्पती तेलाच्या एस्टर बंधाची खूण 1745 या तरंगसंख्येच्या आसपास स्वतंत्र उमटते, ताज्या डांबरात ती नसते. म्हणजे कुणी काय ओतलं आणि ओतलं की नाही, हे दोन्ही तपासता येतं. ज्याला भेसळीची खरोखर भीती आहे त्यानं या दोन चाचण्या टेंडरात घालायला सांगाव्यात. नुसतं 'तेल नको' म्हटल्यानं जळकं ऑइल थांबत नाही. ते आजवर कुणाची परवानगी मागून टँकरमध्ये शिरलेलं नाही. खोट डांबरात असते त्याहून जास्त डांबरटपणात असते.

दुसरा आक्षेप उन्हाचा. हा जास्त वजनदार आहे आणि अर्धा खरा आहे.

"अमेरिकेत, कॅनडात थंडी असते म्हणून ते लोक डांबर मऊ करतात. चंद्रपूरला मे महिन्यात रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर तापतो. तिथे मऊ डांबर म्हणजे ट्रकच्या चाकाखाली पन्हळी." बरोबर. भारतीय मानक आयएस 73 डांबराची घट्टता 60 अंशांवर मोजायला सांगतं, कारण आपल्या रस्त्यांची खरी परीक्षा तिथे असते. व्हीजी 30 ची त्या तापमानाला किमान 2400 पॉइज घट्टता हवी, अवजड वाहतुकीसाठी व्हीजी 40 ची 3200. या डांबरात आणखी तेल घालणं म्हणजे पैसे देऊन घट्ट घेतलेली वस्तू पुन्हा पैसे देऊन पातळ करणं. नव्या डांबरात तेल घालू नका असं म्हणणारे अभियंते याबाबतीत शंभर टक्के बरोबर आहेत. त्यांच्याशी माझं भांडणच नाही.

माझं भांडण त्यांच्या पुढच्या उडीशी आहे. जुन्या रस्त्यातून खरवडलेल्या डांबराची घट्टता याच 60 अंशांवर दहा-वीस हजार पॉइजच्या पुढे सहज गेलेली असते. त्याला 2400 ते 3600 च्या टप्प्यात आणायचं आहे. इथे पातळ करणं हा दोष कसा झाला? तेच तर करायचं आहे. तेलाची मात्रा ठरते ती याच हिशोबानं. जुनं डांबर किती घट्ट झालंय ते मोजायचं, नवं किती घालणार ते ठरवायचं आणि दोघांचं मिश्रण व्हीजी 30 च्या चौकटीत बसेल इतकंच तेल द्यायचं. ताप मोजून औषधाची मात्रा ठरवतात तसं. चंद्रपुरात तेल कमी लागेल, महाबळेश्वरात थोडं जास्त. ऊन हे तेल न वापरण्याचं कारण ठरत नाही, ते मात्रा ठरवण्याचं एक माप आहे.

यावर जाणकार अभियंता एक चांगला प्रश्न विचारतो. तेल कशाला, जुन्यात व्हीजी 10 मिसळा की. मऊ डांबरानं कडक डांबर सुधारतं. सुधारतं, पण एका मर्यादेपर्यंत. अमेरिकेत बरीच वर्षं चाललेला ठोकताळा असा आहे. मिश्रणात जुना माल 15 टक्क्यांपर्यंत असेल तर काहीच बदलू नका. 15 ते 25 टक्के असेल तर एक पायरी मऊ डांबर घ्या. त्याच्या पुढे गेलात तर प्रत्येक वेळी हिशोब मांडा. तिथे नुसतं मऊ डांबर पुरेसं पडत नाही, कारण जुना माल जितका जास्त तितकी नव्या डांबराला जागा कमी. जपानमध्ये डांबरी मिश्रणात जुन्या मालाचं प्रमाण सरासरी निम्म्याच्या आसपास असतं. तिथे जुन्या डांबराला मऊ करणारं द्रव्य ही नेहमीच्या कामाची वस्तू आहे. पारंपरिक द्रव्य खनिज तेलातूनच निघणारं, 'ॲरोमॅटिक' वर्गातल्या घटकांचं असे. त्यांतल्या काही घटकांच्या कर्करोगजनकतेमुळे लोकांची नजर वनस्पतींकडे वळली. पाईनच्या लाकडापासून कागदाचा लगदा करताना जे तेल सुटतं त्याला 'टॉल ऑइल' म्हणतात. 'टॉल' हा स्वीडिश भाषेतला पाईनचा शब्द. त्या तेलापासून बनवलेली द्रव्यं आज बाजारात आहेत. ही कुणाची हौस म्हणून झालेली गोष्ट नव्हे.

तिसरा आक्षेप स्वयंपाकघरातून येतो आणि तो ऐकताना मान आपोआप डोलते. देश खाद्यतेल बाहेरून आणतो आणि तुम्ही ते रस्त्यावर ओतणार?

भारत वर्षाला सुमारे 160 लाख टन खाद्यतेल आयात करतो, म्हणजे आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक. तेव्हा हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तो घेणाऱ्यांनी हिशोब केलेला नसतो. तो आपण करू.

एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद रस्ता घ्या. त्यावर चार सेंटिमीटरचा डांबरी थर टाकायचा तर सुमारे 670 टन मिश्रण लागतं. त्यात तीस टक्के, म्हणजे 200 टन, जुना खरवडलेला माल घातला. त्या मालात साडेचार-पाच टक्के डांबर धरलं तर नऊ-दहा टन जुनं डांबर हाती येतं. त्याच्या पाच टक्के तेल म्हणजे अर्धा टन. अर्ध्या टन तेलाच्या बदल्यात कागदावर नऊ टन डांबर आणि 190 टन खडी वाचली. प्रत्यक्षात थोडी कमी, कारण सगळंच जुनं डांबर जागं होत नाही. तरी हा सौदा वाईट म्हणणाऱ्यानं एकदा खडीच्या खाणीजवळच्या गावात राहून यावं.

आता देशाचा हिशोब. देशात वर्षाला 80 ते 90 लाख टन डांबर लागतं आणि त्याचा मोठा भाग बाहेरून येतो. समजा, या डांबराचा पाचवा हिस्सा उद्यापासून जुन्या रस्त्यांतून मिळू लागला. त्यासाठी लागणारं तेल एक लाख टनाच्याही आत बसतं, खाद्यतेलाच्या आयातीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आणि तेही सगळं खाद्य तेल धरलं तर. तसं धरण्याची गरजही नाही. एरंडीचं तेल कुणी भाजीत घालत नाही, आणि जगातली बहुतांश एरंडी भारतात, त्यातही गुजरातेत पिकते. तळणाचं तेल तर खाण्यातून बाद झालेलंच असतं. त्यातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते पुन्हा वापरू नये असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2018 पासून आहे. ते तेल आज बायोडिझेलकडे जातं हे खरं, पण त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं तर ते गाड्यावरच्या कढईत परत जाण्याची शक्यता कमीच होईल.

आणि कोकणात काजूचं टरफल आहे. वेंगुर्ल्यापासून चंदगडपर्यंत काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं ज्या तेलानं भाजतात, ते तेल टरफलाच्या वजनाच्या पाव भागाएवढं असतं. बिब्ब्याच्या कुळातलंच हे झाड, त्यामुळे तेलाचा स्वभावही तोच. लाकडाला कीड लागू नये म्हणून ते होड्यांना लावत आले आहेत, आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात ते आजही जातं. त्यातला कार्डानॉल हा फिनॉलवर्गी पदार्थ. असे पदार्थ प्राणवायूच्या माऱ्याला आवर घालतात, आणि डांबर म्हातारं होतं ते त्याच माऱ्यानं. डांबरात त्याचा उपयोग करण्याचे प्रयोग झालेले आहेत. महाराष्ट्राला या विषयात स्वतःचं काही करून दाखवायचं असेल तर सुरुवात इथून करावी. सोयाबीनपासून नको.

सोयाबीनपासून का नको, ते सांगतो, कारण आता समर्थकांकडे वळायची वेळ आली. 'डांबरात सोयाबीन गेलं की लातूरच्या शेतकऱ्याला भाव मिळेल' असं सांगणारे भाषणवीर भेटू लागले आहेत. ही अमेरिकेतल्या आयोवा राज्याची गोष्ट, कपडे बदलून आलेली. आयोवा स्टेट विद्यापीठात एरिक कॉक्रन आणि क्रिस्टोफर विल्यम्स यांनी सोयाबीन तेलापासून डांबरासाठी पॉलिमर बनवण्याचं चांगलं काम केलं आहे. पण अमेरिकेत सोयाबीन उदंड पिकतं, तिथले शेतकरी विक्रीतला ठरावीक हिस्सा बाजूला काढून सोयाबीनचे नवे उपयोग शोधायला पैसा पुरवतात, आणि त्या पैशातून असं संशोधन होतं. त्यांना तेलासाठी गिऱ्हाईक शोधायचं आहे. आपल्याला गिऱ्हाइकासाठी तेल शोधावं लागतं. वर हिशोब केला तो पाहा. सगळ्या देशाचे जुने रस्ते मिळून एक लाख टनही तेल पिणार नाहीत. एवढ्यानं लातूरच्या बाजार समितीतला भाव हलणार नाही. जे आयातीला धक्का लावण्याइतकं मोठं नाही, ते शेतकऱ्याला तारण्याइतकंही मोठं नाही. दोन्ही बाजूंनी एकच आकडा मान्य करावा.

समर्थकांचा दुसरा घोळ शब्दांचा आहे. डिसेंबर 2024 मध्ये नागपूर जिल्ह्यात मनसरला राष्ट्रीय महामार्ग 44 वर 'बायो-बिटुमेन'चा तुकडा सुरू झाला. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था त्यात होत्या. तो प्रयोग लिग्निनचा होता. लिग्निन म्हणजे झाडाच्या काष्ठाला ताठपणा देणारा घटक. तो डांबराचा काही भाग वाचवण्यासाठी, नव्या डांबराच्या जागी घालतात. तेलाचं काम त्याच्या बरोबर उलट, मऊ करण्याचं. दोन्ही वनस्पतीतून येतात म्हणून दोघांना एकाच 'हरित' पिशवीत भरणं म्हणजे सुपारी आणि खोबरेल एकाच कुळातल्या झाडांपासून येतात म्हणून दोन्ही केसाला लावण्यासारखं आहे. मनसरचा रस्ता चांगला टिकला तरी तेलाची बाजू सिद्ध होत नाही आणि बिघडला तरी पडत नाही.

तिसरा घोळ सर्वांत घातक. 'तेल घातलं की खड्डे पडणार नाहीत.' आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण याच्यासाठीच असावी. आपल्याकडचे बहुतेक खड्डे पाण्यानं पडतात. पाणी तुंबतं, थरात मुरतं, वरून चाक दाबतं, खडी सुटते. पुण्यातला जंगली महाराज रस्ता 1976 मध्ये रेकॉन्डो नावाच्या कंपनीनं दहा वर्षांची हमी देऊन बांधला आणि पुढे कित्येक दशकं तो खड्ड्यांशिवाय राहिला, हे पुणेकर अजून अभिमानानं सांगतात. त्या रस्त्याची ख्याती कुठल्या तेलावर उभी नव्हती. पाण्याचा निचरा, पायापासून नीट केलेलं काम आणि हमी, एवढ्यानं ते घडलं. ज्या गावात गटार रस्त्यापेक्षा उंच आहे तिथे डांबरात तेल घाला नाहीतर तूप, खड्डा पडणारच. मदुराईचे प्राध्यापक वासुदेवन यांनी प्लास्टिकच्या रस्त्याची पद्धत शोधली, त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. ती पद्धत खडीवर प्लास्टिकचा पातळ लेप देण्याची, मर्यादित आणि नेमकी होती. भाषणांतून ती सर्व रोगांवरचा काढा झाली आणि मग रस्ता उखडला की लोक प्लास्टिकला हसू लागले. तेलाचं हेच व्हायला नको.

मग तेलानं होणार काय? हे सांगायला मला प्रयोगशाळेत जावं लागत नाही, कुठल्याही जुन्या वस्तीत जावं लागतं. रस्ता खराब झाला की वरून नवं कार्पेट. पाच वर्षांनी आणखी एक. असे थरावर थर चढत रस्ता हातभर उंच होतो, आणि ज्या घराच्या तीन पायऱ्या चढून आत जायचं त्याच्या दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडला की पाणी चुलीपर्यंत. दुकानदार उंबऱ्यावर विटांचा बांध घालतो. याला उपाय एकच, जुना थर खरवडून काढणं. खरवडतात तिथे तो माल बहुतेकदा कुठल्या तरी मोकळ्या जागेत, ओढ्याच्या काठी किंवा भरावात जातो. त्या काळ्या ढिगात घाटांतल्या खाणींमधली उत्तम काळी खडी असते आणि आखाती देशांतून परकीय चलन मोजून आणलेलं डांबर असतं. ते मेलेलं नसतं, वाळलेलं असतं. तेलाचं काम तिथे. रस्ता न वाढवता नवा करायचा असेल तर खरवडायला हवं, आणि खरवडलेलं परत वापरायचं असेल तर त्याला मऊ करणारं काहीतरी हवं. माझ्या लेखी वनस्पती तेलाच्या बाजूनं हा एक युक्तिवाद पुरेसा आहे. बाकीचे सगळे मागे घेतले तरी चालतील.

मी ज्या बाजूनं बोलतो आहे तिचा कच्चा दुवाही सांगायला हवा, नाहीतर हा वकिली कावा ठरेल. वनस्पती तेल स्वतःही म्हातारं होतं. जवसाचं तेल लाकडाला लावलं की काही दिवसांत वाळून कडक पापुद्रा होतो, म्हणून तर ते रंगात वापरतात. रेणूतले दुहेरी बंध जितके जास्त, तितकं तेल हवेत लवकर बिघडतं. म्हणजे डब्यातलं कच्चं तेल सरळ डांबरात ओतलं तर पहिल्या दिवशीची चाचणी झकास येईल आणि पाच वर्षांनी डांबर होतं त्याहून कडक सापडेल. जास्त ओतलं तर खडीची पकड सुटून पाण्याला वाट मिळेल. म्हणून प्रक्रिया केलेलं तेल वेगळं आणि किराणा दुकानातलं वेगळं. आणि म्हणून ताज्या मिश्रणाची चाचणी दाखवून 'पाहा, व्हीजी 30 झालं' असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. त्याला विचारावं, म्हातारं करून दाखव. त्याची सोय तीन दशकांपूर्वी झालेली आहे. 1987 ते 1993 या काळात अमेरिकेनं रस्त्यांवरच्या संशोधनाचा 15 कोटी डॉलरचा कार्यक्रम राबवला. त्यातून निघालेल्या दाबपात्राच्या चाचणीत डांबर वीस तास गरम, दाबाखालच्या हवेत ठेवून अनेक वर्षांचं वार्धक्य आणता येतं. त्यातून निघालेलं डांबर तडकत नसेल, तर तेल पास.

तर मागणी एवढीच आहे. जुना माल वापरा आणि किती वापरला ते लिहा. तेल वापरा, पण म्हातारं करून पाहिल्यावरच. मिश्रणात जस्त आणि एस्टर दोन्ही तपासा. आणि दोषदायित्वाचा काळ इतका ठेवा की विकणाऱ्याला त्याच्या तेलाची भीती वाटेल. यातलं काही आकाशातून आणायचं नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालची रस्ते समिती 1927 मध्ये नेमली गेली. तिच्या शिफारशीतून भारतीय रस्ते काँग्रेस 1934 साली जन्मली, आणि तिनंच 2015 मध्ये जुन्या डांबरी थरांच्या पुनर्वापराची स्वतंत्र संहिता काढली, आयआरसी 120. पुस्तक तयार आहे. ते टेंडरच्या कागदात उतरायला हवं.

ते उतरवून घेण्याचं काम मात्र अभियंत्यांवर सोडून चालणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या गल्लीत डांबराचा वास येईल, रोलर उभा राहील. तेव्हा तेल घातलं का, हे विचारू नका. नवा थर किती जाड, तेही नंतर विचारा. आधी विचारा, जुना थर कुठे गेला? उत्तर 'खालीच आहे' असं आलं, तर तुमच्या घराची आणखी एक पायरी गेली असं समजा.